एमा प्रूशची जमीन

कॅलिफोर्नियातल्या पूर्व सॅन होजेत किंग रोड आणि स्टोरी रोड जिथे भेटतात तिथे गाडीतून उतरलं की आधी फ्रीवेचा आवाज येतो आणि त्यातूनच कोंबडा आरवतो. एमा प्रूश फार्म पार्कमध्ये कोंबड्या आणि मोर मोकळेच हिंडतात. एकेकाळी ही दुग्धशाळा होती. लाकडी जुनं घर आणि भलामोठा गोठा अजून उभा आहे.

मी गेले ते जानेवारीत, कलमाच्या काड्यांच्या देवाणघेवाणीसाठी. कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स ही हौशी बागायतदारांची संस्था ती भरवते. लांब टेबलांवर पिशव्या, पिशवीवर जातीचं नाव, आत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या: सफरचंद, प्लम, अंजीर, पर्सिमन. आपल्याकडच्या आणायच्या, दुसऱ्यांच्या न्यायच्या. मी लांज्याची, आमचे आप्पा भर पावसात आंब्याची कोय कलमं बांधायचे. इथे उलटं. झाड थंडीत पानं टाकून निजलेलं असताना काडी कापायची, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची आणि वसंताच्या तोंडावर खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या झाडाचा, रस चढू लागला की पाचर कलम करायचं. एका आजोबांनी चाकू कसा धरायचा ते दाखवलं. आप्पांचीच पद्धत होती, अंगठा पात्याच्या मागे. मला भरून आलं.

लिंबू-संत्र्याच्या काड्या मात्र आणायला बंदी. एक बारीक कीड सिट्रस ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते आणि त्यावर इलाज नाही, म्हणून नियम कडक. पटलं मला.

हे सगळं इथेच भरावं हेही खरं तर साजेसंच आहे, कारण हे सांता क्लारा खोरं काड्यांवरच उभं राहिलं. लुई पेलिए नावाच्या फ्रेंच माणसाने सॅन होजेत रोपवाटिका काढली होती. त्याचा भाऊ १८५६ मध्ये फ्रान्सहून प्रूनच्या, म्हणजे सुकवायच्या प्लमच्या, काड्या घेऊन आला. वाटेत सुकू नयेत म्हणून त्या बटाट्यांत खोचल्या होत्या, असं सांगतात. पुढे प्रून, जर्दाळू, चेरीच्या बागांनी खोरं भरून गेलं, डबाबंद फळांचे कारखाने निघाले. मग आल्या कॉम्प्युटर चिपच्या कंपन्या आणि बागांवर घरं चढली. आम्ही मराठी माणसं आलो तीही त्याच कंपन्यांच्या मागून.

अशा काळात, १९६२ साली, एमा प्रूशबाईंनी आपली सुमारे ४७ एकर जमीन शहराला दिली. इच्छा एवढीच की इथे उद्यान व्हावं आणि खोऱ्याच्या शेतीची आठवण त्यात राहावी. ती आठवण काचेआड ठेवलेली नाही, म्हणून मला ही जागा इतकी आवडते. दुर्मिळ फळझाडांची बाग आहे, व्हेजिल्यूशन ही संस्था भाजीपाला पिकवते, आणि शहरवासीयांना वर्षाच्या फीवर वाफे मिळतात. कुंपणाबाहेरून वाफे बघतच राहिले. कोणाची गवती चहाची दाट बेटं, कोणाचं फड्या निवडुंग, एकीकडे लसणाची पात, आणि एका कोपऱ्यात चक्क मेथी! आजूबाजूला मेक्सिकन आणि व्हिएतनामी वस्ती आहे. सेसार चावेझ शेतमजुरांचे पुढारी होण्याआधी याच भागात राहत होते. अशा ठिकाणी भाडेकरू माणसालाही हात मातीत घालायला जागा आहे, हे फार मोठं आहे.

घरी आल्यावर लांज्याला दादाला फोन केला. आमच्या बागेचं काय करायचं हा विषय आमच्याकडे दर फोनला निघतो. विकायची, नाहीतर कोणीतरी परत जायचं, याच्यापुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो. मी त्याला प्रूशबाईंचं सांगितलं. गावाला द्यायची, पण बाग म्हणूनच. ज्यांना जमीन नाही त्यांना वाफे, आणि पावसात शाळेतल्या पोरांना कलमं शिकवायची.

दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार?"

"ज्याचा वाफा तो," मी म्हटलं. "पण विहिरीवरचा पंप आपण द्यायचा."

पंपाची किंमत तो या आठवड्यात विचारून ठेवणार आहे.