सहा सिलिंडर, चार माणसे आणि आंबोलीचा घाट : गाडी निवडतानाचा माझा अनुभव

बेळगावात राहून स्कूबा डायव्हिंग करतो असे सांगितले की, समोरचा माणूस आधी हसतो आणि मग समुद्र कुठे आहे असे विचारतो. समुद्र मालवणला आहे. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ या मार्गाने साधारण दीडशे किलोमीटर. पावसाळा सोडला तर आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा तरी तिकडे जातो. सुरुवातीची काही वर्षे तिथलेच साहित्य भाड्याने घेत होतो. पुढे खानापूर आणि चंदगडकडच्या खेड्यांतून विहिरीत पडलेली मोटर काढून देण्यासाठी बोलावणी येऊ लागली. तिथे भाड्याने काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही हळूहळू पाण्याखाली श्वास घेण्यासाठीच्या हवेचे स्वतःचे सहा सिलिंडर घेतले आणि ते वाहायचे कशातून हा प्रश्न उभा राहिला.

माझ्या छोट्या गाडीच्या डिकीत चादरी कोंबून आम्ही ते नेत असू. एकदा आंबोलीच्या उतारावर, एका तीव्र वळणावर, मागून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि मागच्या सीटच्या पाठीला जोरदार धक्का बसला. गाडी कडेला घेऊन पाहिले, तर एक सिलिंडर चादरीतून निसटून सीटला धडकला होता आणि त्याचा व्हॉल्व्ह दुसऱ्या सिलिंडरपासून चार बोटांवर येऊन थांबला होता. आत 200 बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाबाने हवा भरलेली असते, हे आम्ही नवशिक्यांना नेहमी सांगत आलो होतो; त्या दिवशी ते आम्हाला स्वतःलाच नव्याने कळले.

गाडी मोठी हवी एवढेच तेव्हा डोक्यात होते. प्रत्यक्षात काटा मांडल्यावर अडचण जागेपेक्षा वजनाची निघाली. आमचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे, 11.1 लिटरचे आहेत. रिकामा सिलिंडर साधारण 14 किलोचा असतो आणि भरल्यावर व्हॉल्व्हसह 17 किलोच्या वर जातो, कारण आतल्या हवेचेच वजन अडीच किलोंहून अधिक असते. सहा सिलिंडरांचे शंभरावर किलो, चौघांच्या कमरपट्ट्यांचे शिसे, जॅकेट, सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे रेग्युलेटर, सूट, फिन, साहित्य धुण्यासाठी गोड्या पाण्याचे तीन कॅन आणि वर आम्ही चार धट्टेकट्टे गडी, अशी बेरीज साडेपाचशे किलोंच्या घरात गेली. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली भारक्षमता वाचण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

पहिला सल्ला छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एस या छोट्या टेम्पोचा मिळाला. भार त्याला जड नव्हता. परंतु पुढे दोघांनाच बसता येणार, म्हणजे दुसरी गाडी न्यावीच लागणार. शिवाय पिवळ्या पाटीच्या गाडीचे फिटनेस वगैरे सोपस्कार छंदासाठी कोण करत बसणार? तरीही मी तो पर्याय लगेच सोडला नव्हता. तो सुटला तो मुक्कामामुळे.

हा मुक्कामाचा मुद्दा घाटावरच्या डायव्हरांनी नीट समजून घ्यावा. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. तो पुरेसा बाहेर पडण्यापूर्वी उंचावर गेल्यास हवेचा दाब कमी झाल्याने त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. विमानप्रवासासाठीचा प्रचलित दंडक एका साध्या डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास थांबण्याचा आहे, आणि तो 2000 फुटांपासून, म्हणजे साधारण 610 मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतो. आंबोली सुमारे 690 मीटरवर आणि बेळगाव सुमारे 750 मीटरवर, म्हणजे दोन्ही त्या रेषेच्या वर! दुपारी पाण्यातून निघून रात्री घरी जेवायला पोहोचणे आमच्या नशिबात नाही. एक रात्र मालवणात काढावीच लागते आणि तेवढा वेळ सगळे साहित्य गाडीत कुलपात राहावे लागते. ताडपत्री बांधलेल्या हौद्यावर मी लाखभराच्या रेग्युलेटरांचा भरवसा ठेवणार नव्हतो.

मग मारुतीची ईको व्हॅन पाहिली. दोन्ही बाजूंचे सरकते दरवाजे आणि बुटका तळ मला मनापासून आवडला, कारण ओला सिलिंडर उचलताना पाठीला बरे पडते. मात्र एका मित्राच्या ईकोत सगळे सामान भरून विहिरीच्या वाटेवर नेली, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोरीत तिचे पोट दोनदा घासले. केवळ डांबरी रस्त्याने जाणाऱ्याने तीच घ्यावी, असे मी आजही सांगेन.

शेवटी जुनी बोलेरो शोधू लागलो. प्रत्येक ठिकाणी एक रिकामा सिलिंडर सोबत नेत असे, कारण 66 सेंटिमीटर लांबीची वस्तू चाकाच्या फुगवट्यांमध्ये बसते की नाही हे टेपने मापून नीट समजत नाही. एका ठिकाणी गाड्या पुसणाऱ्या पोराने तो पाहून काळजीने विचारले, “ऑक्सिजन काय ओ? घरात कोण आजारी हाय?” साधी हवा आहे म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाल्यासारखा दिसला.

कोल्हापूर पासिंगची, एमएच 09 ची, एक गाडी स्वस्तात मिळत होती. विकणारा म्हणाला, “कागदाचं काय, होतंय की ओ!” सीमाभागात हे वाक्य ऐकून फसलेले दोघे माझ्याच गल्लीत आहेत. तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणायचे, कर्नाटकाचा आजीवन कर भरायचा, नवा क्रमांक घ्यायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी पुन्हा अर्ज करायचा, हे सगळे धरल्यावर स्वस्ताई उरत नव्हती. म्हणून चाळीस हजार जास्त मोजून केए 22 चीच घेतली.

मागच्या आडव्या सीटा वर दुमडून तळावर जाड मरीन प्लाय टाकली. शहापूरच्या सुताराकडून सिलिंडरांसाठी खोबणी असलेल्या लाकडी घोड्या करून घेतल्या आणि वरून पट्टे आवळले. सिलिंडर गाडीच्या रुंदीला आडवे ठेवतो, म्हणजे ब्रेक लागला तरी ते बाणासारखे पुढे सुटत नाहीत. ओले सूट झाकणाच्या टबांत राहतात. उन्हात गाडी उभी करायची वेळ आली, तर भरलेले सिलिंडर आधी सावलीत उतरवून घेतो.

दोन तक्रारी उरल्या आहेत. मागचा दरवाजा बाजूला उघडतो, त्यामुळे वर उघडणाऱ्या डिकीखाली मिळते तशी कपडे बदलायला सावली मिळत नाही. आणि इतके धुऊनही त्या दरवाजाच्या बिजागरीवर तांबेरा चढलाच. दर सोमवारी अंगणात प्लाय बाहेर काढून पाइप लावतो, बिजागरी पुसून ग्रीस भरतो. तेवढ्यात घरचे विचारतात की, एवढी सेवा दुचाकीची कधी होणार.