टाचेवरची चामखीळ आणि सारखा संपणारा नायट्रोजन

टाचेवरच्या एका मसुराएवढ्या चामखिळीने माझे आठ महिने खाल्ले, आणि त्यातले चार महिने ती गोठवायला लागणाऱ्या नायट्रोजनची वाट बघण्यात, "नायट्रोजन आला की फोन करतो" या एका वाक्यावर गेले. आता टाच बरी आहे, राग अजून तसाच आहे, म्हणून लिहितेय.

आधी मला ते कुरूप वाटलं. चालताना खडा रुतल्यासारखं व्हायचं, चप्पल झटकून बघितली तर आत काही नाही. मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणली, लावली की कातडी पांढरी होऊन सुटायची, बरं वाटायचं, मी पट्टी बंद करायचे आणि पंधरा दिवसांत परत तेच. असे दोन महिने. नंतर कळलं की चामखिळीवर कडक कातडी सोडवायला जे सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावतात तेच त्या पट्टीत पण असतं, म्हणजे बरोबर औषध मी अर्धवट लावत होते.

स्किनच्या डॉक्टरांनी मात्र दोन मिनिटांत ओळखलं. वरची कडक कातडी ब्लेडने हलकेच खरवडली आणि फोटो काढून दाखवला, आत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. मला वाटलं घाण अडकलीय. तर ते बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गोठलेलं रक्त. आणि टाचेवर बोटाच्या ठशासारख्या रेषा असतात ना, त्या कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीच्या कडेला येऊन तुटतात. मग त्यांनी दोन्ही बाजूंनी चिमटा काढून दाबलं, मी ओरडलेच. कुरूप वरून दाबलं की जास्त दुखतं, चामखीळ अशी बाजूने दाबली की.

कारण एचपीव्ही नावाचा व्हायरस. हे नाव नेटवर टाकलं आणि कॅन्सर कॅन्सर वाचून माझी झोप उडाली, पण त्याचे शंभरावर प्रकार आहेत आणि हातापायाच्या साध्या चामखिळी करणारे वेगळे. बारीक चिरेतून, ओल्या फरशीवरून वगैरे शिरतो आणि चामखीळ दिसायला काही महिने लागू शकतात, त्यामुळे कुठून आली हे शोधत बसू नका, मी उगाच घरातल्या सगळ्यांवर संशय घेतला. मूळबीळ काही नसतं, ती कातडीच्या वरच्या थरातच असते, म्हणून खोदून काढायच्या भानगडीत पडू नका.

डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅसिड लावा नाहीतर गोठवू, काही न करता पण जाते कधीकधी." लहान मुलांची पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते म्हणे. मी लहान मूल नाही आणि मला घाई होती, म्हटलं गोठवा.

तर हा द्रव नायट्रोजन. उणे १९६ अंश. पिचकारीसारख्या डब्यातून सूंऽऽ करून मारतात, चामखीळ पांढरी बर्फासारखी होते, भोवती पांढरी कड येते. तेव्हा नुसतं झोंबतं, खरा ठणका ते वितळायला लागल्यावर. दुसऱ्या दिवशी टाचेवर रक्ताचा काळपट फोड, चार दिवस मी चवड्यावर चालत होते. हे सगळं चालेल, तीन आठवड्यांनी परत या म्हणाले.

तीन आठवड्यांनी हाफ डे टाकून गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आज नायट्रोजन नाही." म्हटलं अपॉइंटमेंट आहे माझी. "हो, पण तो संपला." मग काल फोन का नाही केला? "आम्हाला पण आज सकाळीच कळलं." तो डब्यात ठेवला तरी हळूहळू उडून जातो, म्हणून चार पेशंट जमले की मागवतात, तेही फक्त गुरुवारी. बरं, हे मला पटतं, पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? पुढच्या गुरुवारी डॉक्टर नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी सुट्टी. मी फोन केला की "आला की आम्हीच करतो ना मॅडम", आणि त्या "ना" मध्ये असा सूर की जणू मीच त्यांच्या मागे लागलेय. दुसरा डोस मिळाला तो सातव्या आठवड्यात. डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, "अरे, परत भरून आली, गॅप फार पडला." गॅप मी पाडला का? तोंडापर्यंत आलं होतं, पण त्यांच्या हातात तो डबा होता, गप्प बसले.

तिसऱ्या वेळी हीच कथा, वरून शेजारी एक बारकी नवीन आली आणि बोटावर नखाच्या कडेला अजून एक. ही बोटावरची माझ्याच कर्माने, टाच घासायची कानस मी नखांना पण वापरत होते. कानस वेगळी ठेवा, आणि चामखीळ कुरतडू नका.

मग एका रात्री चिडून तक्रार लिहायला फाइल काढली तर आतल्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी. मधल्या काळात रोज सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावणे. पहिल्या दिवसाची तारीख. मी ती उघडलीच नव्हती. तक्रार तिथेच राहिली.

त्या रात्रीपासून सुरू केलं. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं, पांढरी मेलेली कातडी घासून काढायची, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, मधे अ‍ॅसिडचा थेंब, वाळलं की वर पट्टी. झोंबायला लागलं की दोन दिवस सुट्टी. तिसऱ्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही, तिथेच सगळे सोडतात, बारा आठवडे धरून चाला. चेहऱ्यावर, नाजूक जागी किंवा तिळावर हे लावायचं नाही, आणि शुगर असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला हातच लावू नका. मानेवर लोंबणाऱ्या मऊ असतात त्यांनाही आपण चामखीळच म्हणतो पण तो प्रकार वेगळा, तिथे हे अ‍ॅसिड नको.

नंतर वाचलं की २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तळपायाच्या चामखिळीवर २४० लोकांमध्ये दोन्ही उपाय ताडून बघितले होते. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण १४ टक्के लोकांचीच पूर्ण गेली. म्हणजे ज्या नायट्रोजनसाठी मी गुरुवार मोजत होते तो घरच्या बाटलीपेक्षा सरस नव्हताच, आणि माझी गेली त्यात नशीब पण आहे.

पाचव्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, आलाय, आज या." गेले. डॉक्टरांनी खरवडून बघितलं, ठिपके तीनच उरले होते, म्हणाले राहू दे, अ‍ॅसिडच चालू ठेवा. बाराव्या आठवड्यात आंघोळीनंतर टाच उजेडात धरली तर रेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्ख्या.

बोटावरची अजून आहे. तिला नवीन कानस आणलीय.