घर पडलेल्यांना काय पाठवू?

पूर आला की बेळगाव-पुण्याच्या नातलगांचे फोन सुरू होतात : घर पडलेल्यांसाठी काय पाठवू, कपडे चालतील का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कपडे नकोत. डोक्यावर छप्पर द्या, आणि नवं घर उभं राहीपर्यंत द्या.

आमचं गाव कर्नाटकात, निपाणी तालुक्यात, दूधगंगेकाठी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी शिरलं तेव्हा शाळेत सरकारी गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या राहण्या-जेवणाची सोय, उघडलं, बिस्किटं आणि चादरींच्या गाड्या आल्या. पण मातीचं घर पाण्यात असताना पडतंच असं नाही. पाणी ओसरतं, ऊन पडतं, भिजून फुगलेली भिंत सुकताना तडकते आणि एखाद्या रात्री बसते. म्हणजे केंद्र बंद होऊन शाळा भरायला लागते, नेमकी तेव्हाच माणसं उघड्यावर येतात. तोवर गाड्याही थांबलेल्या असतात.

तेव्हा उपयोगी आलं ते विठ्ठलाचं देऊळ. भजनी मंडळानं सप्ताहाच्या खोल्या आणि सभामंडप मोकळा करून दिला. आडोशाला दोरीवर लुगडी बांधली. न्हाणीला मात्र पत्रेच मारावे लागले. आंघोळीला आडोसा नसेल तर बाई पोरांना घेऊन पडक्या घरात परत जाते, हे मी बघितलंय. भजन ओसरीवर सरकलं. काही थोरल्यांना ते रुचलं नाही, पण माझ्या लेखी त्या वर्षीची सेवा तीच. जैन बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, ज्वारी-तांदूळ यायचे.

सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर केले, पण हप्त्यांनी, बांधकाम वर येईल तसे. त्यात एखाद्या बाईच्या घराचा उतारा सासऱ्याच्या नावावर, सासरे वारलेले, कागद सगळे कन्नडमध्ये. मंडळातला कन्नड लिहिता-वाचता येणारा एक पोरगा सगळ्या चादरींपेक्षा जास्त कामाला आला. पंचायतीच्या प्रत्येक फेरीला तो सोबत जायचा, पंचनामा वाचून दाखवायचा, चुकलेलं नाव तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्यायचा. भाडेकरूंच्या नावावर तर घरच नाही, त्यांना कसली भरपाई? त्यांच्यासाठी मंडळानं घरमालकांशी बोलून डिपॉझिट भरलं.

तेव्हा पैसे पाठवायचेच असतील तर पाणी ओसरल्यावर महिन्यानं पाठवा. गावातल्या देवळाच्या, मशिदीच्या, बस्तीच्या मंडळींना विचारून एका कुटुंबाचं खोलीभाडं उचला. आणि दिवाळी झाली की परत फोन करून विचारा, त्यांचा पाया भरला का, पुढचा हप्ता कुठं अडलाय.