तुम्ही विचारलंत म्हणून: रॅम आठच का?

मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली आणि टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरमध्ये काय किती वापरलं जातंय ते दाखवणारी खिडकी) चुकून उघडा राहिला की कोणीतरी विचारतंच. "तुम्ही तर घरी स्वतः जोडलाय ना कॉम्प्युटर? मग रॅम आठच जीबी?" आणि लगेच पुढचा, "पैसे वाचले किती मग?" आत्तापर्यंत मी "वाढवायचीय, बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

तर पहिली गोष्ट, रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, आठ नाहीये. सोळा घेतली होती, आठ-आठच्या दोन स्टिक. त्यातली एक ड्रॉवरमध्ये आहे.

दुसरी गोष्ट, "जुनाच चालवायचा ना" हे मला कृपा करून सांगू नका. चालवला. इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय5 प्रोसेसर होता, त्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी (तेच काम खूप जलद करणारी डिस्क) टाकली तेव्हा तो असा काही उठून बसला की मी वर्षभर भेटेल त्याला तेच सांगत सुटले होते, आणि आजही सांगते, कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पण विंडोज 11 ला इंटेलची निदान आठवी जनरेशन लागते, टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता. माझ्याकडे लोकांची न छापलेली पुस्तकं पडून असतात, अपडेट नसलेल्या मशीनवर ती ठेवायची म्हणजे झोप उडणार. लिनक्सवाल्यांना नमस्कार, पण मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावते ते तिथे चालत नाही. हो, सिक्युरिटी अपडेट आणखी एक वर्ष वाढवून मिळत होते. घ्यायला हवे होते का? कदाचित. मग हाच घोळ मी एक वर्ष उशिरा घातला असता, एवढंच. असं मी स्वतःला सांगते खरं.

कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी जुनंच ठेवलं. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र चांगला घेतला, स्वस्तातला घेऊन तो मरताना बाकीच्यांना घेऊन जायला नको म्हणून (या शहाणपणाचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही). मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) एच610, डीडीआर4 रॅमवाला. प्रोसेसर आय3-12100एफ. शेवटी एफ नसलेलाही होता, तो थोडा महाग, चार कोर दोन्हीकडे सारखेच. फरक काय तर एफवाल्यात ग्राफिक्स नाही. मी म्हटलं, मला कुठे गेम खेळायचेत?

जाणकार इथे हसतात. हसा.

खोक्यावर लिहिलेलं होतं, "डिस्क्रीट ग्राफिक्स रिक्वायर्ड". लपवलेलं वगैरे काही नव्हतं. मी ते वाचलंही होतं. पण माझ्या डोक्यात ग्राफिक्स म्हणजे गोळीबार आणि गाड्यांच्या शर्यती, त्यामुळे ती सूचना माझ्यासाठी नाहीच असं धरून चालले. विंडोजची साधी खिडकी दाखवायलाही ग्राफिक्सचा भाग लागतो, प्रोसेसरमध्ये नसला तर वेगळं कार्ड लागतं, आणि दोन्ही नसलं तर मदरबोर्डवरचा एचडीएमआय पोर्ट म्हणजे भिंतीवर काढलेलं दार.

जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटर काळा.

मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जिथे अडतं तिथला दिवा लागून राहतो. माझा व्हीजीएवर अडला. म्हणजे मशीन मला सरळ सांगत होतं, बाई, ग्राफिक्स नाही. आणि मला व्हीजीए म्हटल्यावर जुन्या मॉनिटरचं ते निळं सॉकेट आठवलं, म्हणून मी केबल बदलली. मग दुसरी केबल. मग रॅम काढून घातली, एकच ठेवून पाहिली, स्लॉट बदलून पाहिला, बोर्डवरची बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत बसवली. दोन संध्याकाळी गेल्या. जुना कॉम्प्युटर मी आधीच उघडून रिकामा केलेला, एका पुस्तकाची प्रुफं परवावर आलेली, आणि ती त्याच एसएसडीवर.

भाचा हार्डवेअरमधला आहे. त्याला फोन करायचा नाही, हे मी ठरवलेलं होतं. कारण विचारू नका. बरं, विचारलंतच तर, सुरुवातीला तो म्हणाला होता की मावशी तू यात पडू नकोस, मी आणून जोडून देतो, आणि मी म्हटलं होतं की यात काय मोठंसं आहे.

तिसऱ्या संध्याकाळी मी प्रोसेसर काढला. नीट बसला नसेल म्हणून. कूलरच्या चार खिट्ट्या फिरवून उचलल्या, लिव्हर सोडली, प्रोसेसर कडेने धरून वर घेतला, पण बोटाला थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) लागलेली होती आणि तो सटकला. फार नाही, बोटभर उंचीवरून, पण कोपऱ्यावर, खालच्या सॉकेटमध्ये. त्या सॉकेटमध्ये 1700 पिना असतात, केसाएवढ्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर सगळ्या एका चालीत चमकतात, आणि माझ्या एका कोपऱ्यात चमक तुटलेली दिसत होती, जनावर लोळून गेल्यावर पीक आडवं पडतं तशी. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, हे तेवढं मला पक्कं माहीत होतं.

मग फोन केला. तो पिनांबद्दल काही बोललाच नाही आधी. म्हणाला, "मावशी, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी काही अक्षर आहे का?"

"एफ."

तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कट झाला.

म्हणजे बिघाड काहीच नव्हता. दोन दिवस माझ्यासमोर धडधाकट मशीन होतं, आणि बिघाड शोधता शोधता तो मीच केला.

रात्री पेन-पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं आणि त्या रिकाम्या नळीने एकेक पिन उभी केली, भिंगाखाली, श्वास धरून. एक पार उभी नाही राहिली. सकाळी भाच्याने त्याच्याकडचं जुनं जीटी 710 ग्राफिक्स कार्ड आणून लावलं, मॉनिटर लगेच उजळला, प्रुफं पाठवून झाली. पण त्या एका पिनेपायी रॅमचा एक स्लॉट मेला तो मेलाच, त्यात घातलेली स्टिक मोजलीच जात नाही.

म्हणून आठ.

"मग सोळाची एकच स्टिक घ्या ना," हे पुढचं. घेणार होते, पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत राहिले, आणि 2025 संपता संपता जगभरची मेमरी एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली आणि किमती अशा चढल्या की बघवत नाही. नवीन बोर्ड घ्यायचा तर पुन्हा ते सॉकेट उघडायचं आलं, आणि माझा हात अजून तिकडे जात नाही. ब्राउझर बंद ठेवला की पानं लावण्यापुरते आठ पुरतात. चारशे पानांचं पुस्तक असेल तर सेव्ह करताना थोडं थांबावं लागतं.

वाचले किती? भाच्याने कार्डाचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा हिशेबात वाचलेच म्हणायचे. तयार लॅपटॉपपेक्षा हे स्वस्तच पडलं, वाया गेलेली स्टिक धरूनसुद्धा. पण त्या तीन संध्याकाळी कुठल्या खात्यात लिहू, सांगा. आणि पहिल्याच संध्याकाळी फोन केला असता तर, हे मी रोज म्हणते, आणि लगेच तेव्हाची मी उलट म्हणते की फोन केला असता तर तू आयुष्यात कधी कॅबिनेट उघडलं नसतंस. दोघींपैकी कोण खरं बोलतंय ते ठरत नाही.

ती ड्रॉवरमधली स्टिक मी मधूनमधून काढते. पिन कधीतरी आपणहून टेकेल, अशी वेडी आशा. परवा पुन्हा लावून पाहिली. आठच.