आमची वाटचाल: मोरब्याचं पाणी आणि एंजलची पिल्लं

आम्ही नेरूळमध्ये राहत्या घरातच शोभेच्या माशांची पैदास करतो. कामाला आम्ही दोघंच, मी आणि नवरा. सासूबाईंचं लक्ष असतंच. सकाळचा चहा हातात घेऊन त्या मागच्या खोलीत एक फेरी मारतात आणि "अगं, त्या कोपऱ्यातल्या जोडीने टाइल साफ करायला घेतलीय" (म्हणजे अंडी घालायची तयारी) ही बातमी आमच्याआधी त्यांच्याकडे असते.

हा धंदा करायचा म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या माशात जास्त पैसा आहे? आम्ही उलट विचारतो, तुमच्या नळाला पाणी कसलं येतं?

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच आपल्या नळातून उतरतो. हे पाणी मऊ आहे, क्षार कमी. आमच्याकडचं टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन बहुतेक दिवस शंभराच्या आतच आकडा दाखवतं. आपल्याला प्यायला उत्तम, पण सगळ्याच माशांना ते मानवत नाही. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं घालणारी मंडळी क्षार असलेल्या पाण्यातली. मऊ पाण्यात मोली एका जागी उभी राहून अंग थरथरवत राहते, खाणं सोडते. त्यावर उपाय आमच्या स्वयंपाकघरातच निघतो. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपले उकळून, घासून, वाळवून ठेवतो आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ सोडतो. ते हळूहळू विरघळतात आणि पाणी थोडं कडक होतं. पण एकदोन टाक्यांना हे जमतं. सगळी खोलीच शिंपल्यांवर चालवायची तर रोज पाण्याशी भांडत बसावं लागेल.

तरी नवशिक्याला सगळे गप्पीच सांगतात, आणि त्याला कारणं आहेत. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. एकदा नर लागला की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. पिल्लं जन्मल्या दिवसापासून बारीक चुरलेलं खाद्य खातात. अडचण विक्रीत आहे. चेन्नईच्या कोलत्तूर भागात घरोघरी आणि शेडमध्ये हेच काम चालतं आणि तिथला माल इतक्या स्वस्तात येतो की आपलं वीजबिलसुद्धा निघत नाही. शिवाय डासांच्या अळ्या खायला आरोग्य विभाग जो मासा फुकट सोडतो, त्याचे चार पैसे जास्त द्या असं दुकानदाराला सांगायचं कोणत्या तोंडाने! निवडक रंगाचा, वंशावळ राखलेला गप्पी विकला जातो, पण त्यासाठी नर-मादी लहानपणीच वेगळे करावे लागतात. एका रंगाला तीन-चार टाक्या सहज जातात.

फायटर माशावर आमचं मन जवळजवळ बसलं होतं. त्याला मऊ पाणी चालतं, आणि देशी बदामाची वाळलेली लाल पानं त्याला लागतात, ती आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर झाडणारे रोज ढीग करून टाकतात. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो, मादीची खाली पडणारी अंडी तोंडात उचलून त्यात ठेवतो, आणि दीड-दोन दिवसांत ती फुटतात. इथवर सगळं छान. पण दोन-तीन महिन्यांचे झाले की नर एकमेकांना फाडतात. मग प्रत्येकाला वेगळी बाटली आणि प्रत्येक बाटलीचं पाणी हाताने बदलायचं. घरात हात चार. विषय संपला.

गोल्डफिशला जागा भरपूर लागते आणि आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. डिस्कसला आपलं मऊ पाणी आवडेल, पण त्याची पिल्लं सुरुवातीचे दिवस आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. म्हणजे जोडी बिघडली की पिल्लंही गेली, आणि चांगल्या जोडीची किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

उरला एंजल मासा.

मूळ अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, म्हणजे मऊ पाणी त्याच्या घरचंच. 26 ते 28 अंश तापमान त्याला पुरतं, ते नेरूळमध्ये वर्षातले बरेच महिने आपसूक मिळतं. हीटर लागतो तो जानेवारीच्या रात्रींना. नर कोण, मादी कोण हे एरवी ओळखू येत नाही, म्हणून जोडी विकत घेण्याच्या भानगडीत पडायचं नाही. सहा-आठ लहान पिल्लं एकत्र वाढवायची आणि त्यांचं त्यांनाच जुळवू द्यायचं. वर्ष होण्याच्या आत एखादी जोडी कोपरा धरते आणि बाकीच्यांना फिरकू देत नाही. मग त्या दोघांना वेगळी, उंच टाकी द्यायची आणि आत तिरकी टाइल उभी करायची. कधी दोन माद्याच जोडी जमवतात, इमानाने अंडी घालतात आणि ती सगळी पांढरी पडतात. सासूबाईंना याची भारी गंमत वाटते.

नवी जोडी पहिली काही अंडी खाऊन टाकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आम्ही अंड्यांसकट टाइल उचलून वेगळ्या बरणीत ठेवतो, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलिन ब्लू या निळ्या औषधाचे थेंब टाकतो आणि शेजारी हवेचे बुडबुडे सोडणारा दगड ठेवतो. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं अजून टाइललाच चिकटलेली वळवळत असतात. पोटातला पिवळा बलक संपायला आणखी पाचेक दिवस जातात, आणि ती पोहायला लागली की खरं काम सुरू होतं. त्यांना हलणारं, जिवंत खाणं लागतं. मिठाच्या पाण्यात हवा सोडून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी घातली की 24 तासांत पिल्लं निघतात. रोज एक बाटली संपते, एक चढते. गटारातला ट्युबिफेक्स किडा स्वस्त मिळतो, पण तो घरात येऊ द्यायचा नाही हे सुरुवातीलाच ठरवलं, कारण त्याच्याबरोबर रोग येतात.

एका वेळी दोनशे-तीनशे पिल्लं जगली तर ती ठेवायची कुठे, हा हिशेब जोडी आणण्याआधी करावा लागतो. 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलो नुसतं पाणी, वर काच आणि स्टँड. आमची इमारत जुनी. म्हणून सगळे स्टँड भिंतीला लावून तुळईच्या रेषेत मांडले, मधला भाग मोकळा ठेवला. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत घरगुती युनिटचा खर्च 3 लाख धरला होता आणि महिलांना 60 टक्के अनुदान होतं. पण आमचा पसारा तेवढा नव्हताच, म्हणून घरच्या पैशावर भागवलं.

आता रंगांचं. ब्लॅक लेस म्हणजे एंजलचाच काळसर रंगाचा प्रकार; दोन ब्लॅक लेस एकत्र आले तर साधारण पाव पिल्लं काळीकुट्ट, निम्मी लेस आणि पाव साधी रुपेरी निघतात. बाजारात मागणी काळ्याला, पण ती हळू वाढतात आणि नाजूक असतात. आम्हाला लेसच परवडतो.

माल वाशी, सीवूड्स, पनवेलच्या दुकानांत जातो, आणि थोडा हार्बर लोकलने थेट कुर्ल्याच्या बाजारात. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवायचे, पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, आणि थर्माकोलचा खोका घेऊन लगेजच्या डब्यात. तिथे कोळणी मावश्या खोक्यात डोकावून हमखास विचारतात, "हे खातात होय?"

वास्तूसाठी अरोवाना आणि 'मिस केरळा' यांची विचारणा होते. दोन्ही आम्ही ठेवत नाही. मिस केरळा म्हणजे पश्चिम घाटातल्या नद्यांमधला डेनिसन बार्ब. आता त्याची प्रजातीच (जीनस) 'सह्याद्रिया' नावाने ओळखतात, आणि विक्रीसाठी त्याला नदीतूनच इतकं उपसलं की तो धोक्यात आलाय. नको असलेले मासे तलावात सोडू नका, आमच्याकडे परत आणून द्या, हेही गिऱ्हाइकाला सांगतो. सकर माशाने तलावांत आधीच पुरेसा धुमाकूळ घातलाय.

सध्या ब्लॅक लेस आणि मार्बल दोन रुपयांच्या नाण्याएवढे झालेत. कोई एंजलची जोडी नुकतीच लागलीय, त्यांचा माल दिवाळीनंतर. कुणाला घरी सुरू करायचं असेल तर येताना आपल्या नळाचं बाटलीभर पाणी घेऊन यावं.