जुनं मुरघास यंत्र आणायला लुधियाना-मोगा: काय पाहिलं, काय तपासावं

जुनं मका कापणी-कुट्टी यंत्र घ्यायला पंजाबात जाणार असाल तर मेच्या उत्तरार्धात जा. बटाटा काढून जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेला मका तेव्हा चिकात आलेला असतो आणि मुरघासाची (बारीक कापून हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) यंत्रं शेतात चालू असतात. पंजाबात जाण्याचं खरं कारण हेच: यंत्र चालताना पाहायला मिळतं. शिवाय जूनमध्ये यंत्र घरी आलं की आपल्या खरिपाच्या मक्याची कापणी सुरू होईपर्यंत दुरुस्तीला चांगले दोन महिने हातात राहतात. ऊन मात्र आपल्या मराठवाड्याच्या तोडीचं. सकाळी लवकर निघायचं आणि बारा ते चार सावलीत कागदपत्रं बघायची, असा क्रम ठेवा.

आम्ही मनमाडहून सचखंड एक्सप्रेस धरली. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी थेट लुधियानाला थांबते. वाटेत भाविक डब्यात येऊन लंगरचं जेवण वाढतात, म्हणून ताट-वाटी जवळ असू द्या. पुणे, दौंड, अहिल्यानगरकडच्यांना झेलम एक्सप्रेस सोयीची. लुधियानात उतरल्यावर फिरोजपूर रोड धरायचा. कृषी विद्यापीठ याच रस्त्यावर आहे आणि पुढे जगराव, मोगा, तलवंडी भाई हा सगळा पट्टा दुधाचा आणि यंत्रांचा. मोग्याला नेस्लेचा दूध कारखाना १९६१ पासून आहे, त्यामुळे गोठा, चारा आणि यंत्र यांचं गणित तिथल्या माणसाला तोंडपाठ असतं. नवी यंत्रं एका जागी बघायची असतील तर मार्च आणि सप्टेंबरमधला विद्यापीठाचा किसान मेळा किंवा जगरावचं दूध उत्पादकांचं हिवाळी प्रदर्शन गाठा. जुन्यासाठी मात्र गावोगाव फिरण्याला पर्याय नाही. विचारताना 'टोका' हा शब्द उपयोगी पडतो. तिकडे कुट्टी मशीनला टोकाच म्हणतात.

सोबत गावाकडचे मिस्त्री होते. हा खर्च वाचवू नका. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कोणीही चालेल असं नाही. कुट्टी मशीनचं चक्र (पाती बसवलेलं फिरतं चाक) ज्याने उघडून पुन्हा बसवलं आहे, असाच माणूस न्या.

एका व्यापाऱ्याच्या आवारात दोन ओळींचं, म्हणजे एका वेळी मक्याच्या दोन ओळी कापणारं, यंत्र ताज्या रंगात उभं होतं. मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलंच नाही. ते ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याखाली आडवे झाले आणि चेसीचे सांधे बोटाने चाचपू लागले. जाड रंगाखाली वेल्डिंगवर वेल्डिंग होतं. या दांड्यावर अख्ख्या यंत्राचा हिसका येतो. तिथे एकदा तडा गेला की डागडुजी फार काळ टिकत नाही. तसं यंत्र सोडून द्यावं, किंमत कितीही खाली आली तरी.

जगरावजवळच्या गावातलं यंत्र एका ओळीचं, गंजलेलं, पण शेतात चालू होतं. मालकाला म्हटलं, "वीरजी, थोडा हमें भी चलाकर देखने दो." त्यांनी लगेच हो म्हटलं आणि आम्ही शेतात दोन फेऱ्या मारल्या. पुढचं सगळं या दोन फेऱ्यांतून कळलं, म्हणून ते सविस्तर लिहितो.

आधी कुट्टी हातात घ्या. तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे आणि कडेला स्वच्छ कापलेले हवेत. पानांच्या लांब चिंध्या येत असतील तर पाती बोथट आहेत किंवा फिरतं पातं आणि स्थिर पातं यांतली फट वाढली आहे. पात्यांना धार लावता येते, फट जुळवता येते. पण स्थिर पात्याची कड गोल झाली असेल आणि ते एकदा उलटवून वापरून झालं असेल, तर नवीन घ्यावं लागणार. तो खर्च सौद्यातून वजा करा. चिंध्या झालेला चारा खड्ड्यात नीट दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते. मुरघास बिघडला की आपण कल्चरला (मुरवायला टाकतात त्या जिवाणूंना) नाहीतर प्लास्टिकला दोष देतो, पण पुष्कळदा कारण पात्यांत असतं.

मग आवाज. पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा मागचा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणून आधी रिकामं चालवायला सांगा. एकसारखी घुमणारी घरघर चांगली. ठरावीक अंतराने थरथर येत असेल तर चक्राचा तोल गेलेला असतो. बहुतेक वेळा कोणीतरी एकच पातं बदललेलं असतं आणि समोरचं झिजलेलं तसंच राहतं. पाती नेहमी पूर्ण संच म्हणून, निदान समोरासमोरची जोडी म्हणून बदलायची. पंधरा-वीस मिनिटं पीक कापून झाल्यावर ट्रॅक्टर बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, चक्र पूर्ण थांबू द्या आणि मग बेअरिंगच्या घरावर हात ठेवून पाहा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल इतकं तापलं असेल तर बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता धरा.

हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. ट्रॅक्टर बंद केल्यावरही जड चक्र बराच वेळ फिरत राहतं. अडकलेला चारा काढायला हात घातला आणि बोटं गेली, अशी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तर ते सौद्यातच नवीन मागा, आणि यंत्राजवळ उपरणं किंवा सैल पंचा गळ्यात ठेवून कोणालाही उभं राहू देऊ नका.

गिअर बॉक्सचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. त्यात चमकणारा चुरा दिसला तर दाते झिजत आहेत. चारा फेकणाऱ्या नळीचं वळण आतून उन्हाकडे धरून पाहा. मक्यासोबत येणारी माती तिथला पत्रा खाते आणि बारीक भोकं लगेच दिसतात. पत्रा गावातला फॅब्रिकेटर बसवून देतो, त्यामुळे एवढ्यावरून यंत्र नाकारायचं कारण नाही.

सगळ्यात उपयोगी काम मिस्त्रींनी शेवटी केलं. प्रत्येक बेअरिंगवरचा नंबर वहीत उतरवला. ६२०६, यूसीएफ २०७ अशा नेहमीच्या क्रमांकाची बेअरिंगं तालुक्याच्या दुकानात मिळतात. यंत्राचा एखादाच भाग असा असतो की तो फक्त मूळ कंपनीकडे मिळतो. असे भाग किती आहेत ते मोजा आणि लुधियानातच चौकशी करून शक्य ते सोबत आणा. मका मुरघासाच्या अवस्थेत जेमतेम आठ-दहा दिवस राहतो. त्या दिवसांत यंत्र सुट्या भागासाठी उभं राहिलं तर ते स्वस्तात घेतल्याचा काही उपयोग नाही.

दोन ओळींचं आणखी एक चांगलं यंत्रही पाहिलं, तरी एका ओळीचंच घेतलं. दोन ओळींना ताकदवान ट्रॅक्टर लागतो आणि आमच्याकडे ५० एचपीचाच आहे. दुसरं कारण ओळींचं. आपल्याकडे ठिबकवर बरेच जण जोडओळ (दोन ओळी जवळजवळ, मग मोकळी जागा) लावतात, आणि ठरावीक अंतराच्या दोन तोंडांत ती बसत नाही. निघण्यापूर्वी आपल्या आणि ज्यांचं भाड्याने कापणार त्या शेजाऱ्यांच्या ओळींचं अंतर टेपने मोजून जा.

व्हिडिओ पाहून काहीजण युरोपातल्या चारा उचलणाऱ्या गाड्यांबद्दल विचारतात. त्या कापून सुकत घातलेल्या गवताच्या पट्ट्या पिकअपच्या दात्यांनी उचलतात, आतल्या पात्यांनी कापतात आणि स्वतःच वाहून नेतात. उभ्या मक्यासाठी त्या नाहीत. आपल्याला कापणारं यंत्र आणि शेजारून चालणारी ट्रॉलीच बरी. ट्रॉली मात्र तिकडून आणू नका. दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीची एनओसी, भाडं आणि टायर धरले तर इथेच बाजू उंच करून घेणं परवडतं. सैल कुट्टी घनमीटरला साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो भरते. दहा बाय सहा फुटांच्या ट्रॉलीला पाच फूट उंचीची जाळी लावली तर फेरीला दोन ते तीन टन माल येतो. जाळीला आतून शेडनेट लावा, नाहीतर पाला आणि दाणे रस्त्यावर सांडतात.

कागदपत्रांत मूळ बिल, यंत्रावरच्या नंबर प्लेटचा फोटो, विक्रेत्याचं आधार आणि साध्या स्टँप पेपरवर विक्रीचा करार घ्या. अनुदानावर घेतलेल्या यंत्राच्या विक्रीवर अटी असतात, म्हणून हे यंत्र अनुदानाचं आहे का ते सरळ विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या. पैसे खात्यावरच द्या. ई-वे बिलाचं (मालवाहतुकीच्या जीएसटी कागदाचं) ट्रान्सपोर्टवाल्याशी गाडी भरण्याआधी बोला. फेकनळी आणि पीटीओ शाफ्ट काढून वेगळे बांधा. नळी उभी राहिली तर वाटेत तारांना लागते. पाती काढून गोणपाटात गुंडाळा आणि स्वतःसोबत आणा.

घरी आल्यावर पहिलं काम ग्रीसचं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत पंप मारा. कापणीच्या दिवसांत पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) रोज ग्रीस आणि पात्यांवर रोज नजर. धार लावली की स्थिर पात्याची फट पुन्हा जुळवायची आणि चक्र हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते बघूनच पीटीओ जोडायचा. शिअर बोल्ट (अडथळा आला की स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) सांगितलेल्या ग्रेडचाच घाला. सारखा तुटतो म्हणून कडक बोल्ट घातला की पुढचा हिसका गिअर बॉक्सवर जातो. कापणीआधी शेतातून चालत जाऊन ठिबकचे खुंटे, तारा आणि दगड उचला.

हंगाम संपला की मक्याचा आंबट रस आत राहू देऊ नका, पत्रा त्यानेच कुजतो. धुऊन, उन्हात वाळवून, पात्यांना आणि चक्राला जुनं इंजिन ऑइल फासा आणि यंत्र लाकडी ठोकळ्यांवर छपराखाली उभं करा. पाती, स्थिर पातं, दोन बेअरिंगं आणि मूठभर शिअर बोल्ट पोळ्याच्या आत आणून ठेवा. कापणी सुरू झाली की तालुक्यातली दुकानं आधी याच वस्तूंनी रिकामी होतात.