घर बांधताय? आधी सिमेंटची गोणी वाचा

ग्रीन बिल्डिंग म्हटलं की लोक लगेच छतावरच्या सोलरवर येतात. सोलर चांगलंच आहे, पण ज्या घराची अजून वास्तुशांत पण झालेली नाही त्या घरापायी कितीतरी कार्बन आधीच हवेत गेलेला असतो, आणि नंतर कितीही पॅनेल लावले तरी तो काही परत येत नाही. यात सगळ्यात मोठा वाटा सिमेंट आणि स्टीलचा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के एकट्या सिमेंटमधून येतो.

चंद्रपूरकडे गडचांदूरच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. तिथे चुनखडी भट्टीत साधारण 1450 डिग्रीला भाजून क्लिंकर करतात, म्हणजे सिमेंटचे मूळ खडे, जे दळून सिमेंट होतं. कोळशाचा धूर होतो तो वेगळाच, पण चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. म्हणजे उद्या भट्टीचं इंधन बदललं तरी हा भाग तसाच राहणार, त्यामुळे क्लिंकरच कमी वापरायचं, याला पर्याय नाही.

आणि ते आपल्या हातात आहे! गोणीवर ओपीसी 53 (साधं पोर्टलँड सिमेंट, 53 हा ताकदीचा ग्रेड) लिहिलंय की पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) ते वाचा. ओपीसी म्हणजे जवळपास सगळं क्लिंकर. पीपीसीत 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश असते, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख. स्लॅग सिमेंटमध्ये स्टील प्लांटची स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना उरलेली मळी, 25 पासून 70 टक्क्यांपर्यंत चालते, कोकणात खाऱ्या हवेला तर ते उलट जास्त टिकतं. पण कॉन्ट्रॅक्टर 53 चाच आग्रह धरतो, कारण पीपीसीला ताकद जरा सावकाश येते आणि त्याला सेंट्रिंग (स्लॅबखालचा आधार) लवकर खोलून पुढच्या साइटवर न्यायचं असतं. मालकाला मात्र सांगणार की "पीपीसी कच्चा असतो साहेब". कच्चा वगैरे काही नसतो, फक्त सेंट्रिंग थोडे दिवस जास्त ठेवावं लागतं आणि किमान 10 दिवस नीट पाणी मारावं लागतं. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बारीक बांध घालून वाफे करायचे आणि पाणी भरून ठेवायचं, उन्हाळ्यात कडेचे वाफे दुपारीच कोरडे पडतात तिथे परत भरायचं, आणि हे कोणीतरी घरचं माणूस उभं राहून बघणारं पाहिजे.

दुसरी गोष्ट तर मला याहून महत्त्वाची वाटते, पाणी मोजून घालणं. स्लॅबच्या दिवशी बघा, मिक्सरमध्ये पाइपने अंदाजे पाणी सोडतात, कारण पातळ माल पटापट पसरतो, मग कोणीतरी म्हणतं फार पातळ झाला आणि वरून जादा सिमेंट ओततात. पाण्याने ताकद घटवायची आणि ती भरून काढायला सिमेंट जाळायचं, शिवाय जादा सिमेंटमुळे आकसून तडे जातात ते वेगळंच. मापाची बादली ठेवली आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरवला तर तेवढ्याच ताकदीला कमी सिमेंट पुरतं. याला ना नवं मशीन लागतं ना सबसिडी.

आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे कॉलम-बीमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला पण विचारा की कॉलममधलं अंतर थोडं कमी केलं तर बीम आणि स्टील किती वाचेल. हा प्रश्न नकाशा पास व्हायच्या आधीच विचारायचा, नंतर उपयोग नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात फिलर स्लॅब लोकप्रिय केला, स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताणाला फारसं कामाचं नसतं म्हणून तिथे मंगलोरी कौलं बसवायची. त्यांचीच रॅट-ट्रॅप बाँडची भिंत, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी ठेवायची, साधारण पाव विटा वाचतात आणि घर पण गार राहतं. आपल्याकडे जुन्या कौलांचे ढीग भंगारात पडून असतात, ते बघून फार वाईट वाटतं.

आता एलसी थ्री नावाचं सिमेंट आलंय, निम्मंच क्लिंकर, बाकी भाजलेली माती, न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. माती 700-850 डिग्रीलाच भाजली जाते आणि तिच्यातून सुटते ती वाफ. आपल्या आयआयटींनी स्वित्झर्लंडच्या संशोधकांबरोबर यावर बरीच वर्षं काम केलंय, 2023 ला बीआयएसने (भारतीय मानक ब्यूरोने) स्टँडर्ड पण काढलं, आयएस 18189. आमच्याकडच्या डीलरकडे मला अजून दिसलेलं नाही तरी मी दर वेळी विचारतो, कारण कोणी मागितल्याशिवाय तो ठेवणार नाही. तुमच्याकडे मिळत असेल तर गाव आणि गोणीचा भाव नक्की कळवा.